मोल्ड रबरच्या नावाखाली ४३०० रुपये गेले, घरी जिग ओतणाऱ्यांनी वाचाच

नमस्कार मंडळी, मी नागपूरचा, मानेवाड्याला राहतो, आठ-नऊ वर्षांपासून गळाची मासेमारी करून राहिलो, जास्त करून कन्हान नदीवर. मरळसाठी जिगहेड, म्हणजे हुकावर शिशाचं वजन ओतलेले जिग लागतात आणि आपल्याकडे दगडात, बुडालेल्या झाडात अडकून दिवसाला पाच-सहा तरी तुटतात, दरवेळी विकत घेणं परवडत नाही म्हणून ठरवलं की घरीच साचा करायचा आणि शिसं ओतायचं. भंगारवाल्याकडून शिसं आणलं, हुक होतेच, साचाच तेवढा बाकी होता.

तेवढ्यात मासेमारीच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाने व्हिडिओ टाकला. गेरूच्या रंगाचं रबर, दोन भागांचा साचा, त्यात वितळलेला धातू ओततो आणि मिनिटभरात चकचकीत जिग बाहेर. खाली लिहिलं होतं, ४०० डिग्रीपर्यंतचं हाय टेम्परेचर मोल्ड रबर, शिशाला चालतं, दोन किलोचा किट ३४०० रुपये, पैसे आधी. मी फोन केला तर माणूस एकदम गोड बोलला, "भाऊ, सोबत सॅम्पल जिग पाठवतो १४ ग्रॅमचा, याच रबरातून काढलेला, हातात घेऊन बघा." मी यूपीआयने पैसे टाकले, पाचव्या दिवशी पार्सल आलं, म्हणून संशयच आला नाही. डब्यावर कंपनीचं नाव नाही, तारीख नाही, काहीच नाही, तिथेच थांबायला पाहिजे होतं.

त्याने सांगितलं होतं, रबरात हार्डनर (रबर घट्ट करणारं द्रव) मिसळून साचा केला की चार तासांनी वापरा. मी तरी साचा रात्रभर ठेवला, सकाळी गच्चीवर शिसं वितळवून ओतलं तर साच्यातून धूर आणि घाण वास, पहिला जिग सगळा बुडबुड्यांचा, दुसऱ्याला कडा जळून भुसभुशीत झाल्या आणि तिसऱ्या वेळी आतून गरम शिसं उडालं ते सरळ मनगटावर. पुतण्या बाजूलाच उभा होता, त्याच्या डोळ्यात गेलं असतं तर काय झालं असतं या विचाराने मी अजूनही हादरतो. मनगटावरचा डाग गेला नाही.

त्याला फोन केला तर म्हणे तुमचं शिसं जास्त तापलं, हार्डनर कमी पडला, वेगळा हार्डनर आहे ९०० रुपयांचा, तो टाकला की शंभर जिग निघतील. आणि मी तेही पाठवले. त्यानंतर फोन उचललाच नाही, दोन दिवसांनी ब्लॉक.

मग ते जळलेलं रबर घेऊन चितारओळीत गेलो, तिथे ओळखीचे एक मूर्तिकार काका आहेत. त्यांनी तुकडा हातात घेतला, ओढून पाहिला आणि म्हणाले, "अरे हे तर आमचंच साधं सिलिकॉन, पीओपीच्या छोट्या मूर्ती काढतो त्यातलं, नुसता लाल रंग कालवलाय." बाजारात किलोला सातशे-आठशेला मिळतं म्हणे. साधं मोल्ड सिलिकॉन दोनशे डिग्रीच्या आसपासच टिकतं, उष्णतेसाठीचं खास रबरही तीनशेच्या जवळपास थकतं, आणि शिसं वितळतंच मुळी ३२७ डिग्रीला, ओतताना त्याहून गरम असतं. वर हे रबर घट्ट होताना त्यातून अल्कोहोलची वाफ निघते, पूर्ण सुकायच्या आत गरम धातू पडला की ती वाफ धातूला बाहेर फेकते. चार तासांनी वापरा सांगणाऱ्याला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

पण मग व्हिडिओत कसं चाललं? हे डोक्यातून जाईना. शेवटी तो सॅम्पल जिग आणि बाजारातला १४ ग्रॅमचा जिग घेऊन इतवारीत सराफाकडे काम करणाऱ्या मित्राकडे गेलो, दोघांचे हुक कापून सोन्याच्या काट्यावर ठेवले. आकार अगदी सारखा, पण बाजारातला १४ च्या जवळ आणि सॅम्पल ९. ते शिसं नव्हतंच, कथील होतं, भांड्यांना कल्हई करतात ते. कथील २३२ डिग्रीला वितळतं, साध्या रबरातही दोन-चार वेळा ओतता येतं आणि चकाकी जात नाही. शिशावर मात्र थोड्याच वेळात करडी साय धरते. शिसं पाण्याच्या ११.३ पट जड, कथील ७.३ पट, त्यामुळे १४ ग्रॅमच्या खोबणीत कथील ९ ग्रॅमच बसणार. व्हिडिओ परत लावला तर धातू शेवटपर्यंत चांदीसारखा लख्ख. पैसे टाकायच्या आधी एवढंच नीट पाहिलं असतं तर!

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, यूपीआयचा ट्रान्झॅक्शन नंबर आणि स्क्रीनशॉट दिले, पैसे अजून आलेले नाहीत. असं झालं तर त्याच दिवशी फोन करा, मी "पाठवेल, पाठवेल" करत अकरा दिवस घालवले.

आता मी पीओपीचाच दोन भागांचा साचा करतो, मध्ये व्हॅसलिन लावतो, चार दिवस उन्हात आणि मग जुन्या ओव्हनमध्ये मंद आचेवर दोन-तीन तास. पीओपीत पाणी राहिलं तर तेही शिसं उडवतं, त्यामुळे पावसाळ्यात मी ओततच नाही. शिशाचं भांडं वेगळं, स्वयंपाकाचं नाही, आणि पोरं खाली घरात.

मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका ग्रुपवर तोच व्हिडिओ आला, नंबर नवीन, किंमत ३९००. ओतणाऱ्याच्या डाव्या हातात चांदीचं कडं आहे आणि मागे निळी ताडपत्री. मी खाली लिहिलं की हे कथील आहे, तर दहा मिनिटांत मला ग्रुपमधून काढलं. त्या ग्रुपमधल्या दोघांनी पैसे पाठवून झालेत.