टर्बो इंजिन घरीच बांधलं त्याला नऊ महिने झाले, आणि मला बोलायचंय ते एका पॅकिंगबद्दल

आधीच सांगून टाकतो, इंजिन झकास चाललंय. नऊ महिने आणि साडेअकरा हजार किलोमीटर झालेत, टर्बो (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) वेळेवर बूस्ट, म्हणजे हवेचा जादा दाब, देतो, टेंपरेचरचा काटा हलत नाही. म्हणजे खरं तर हा रिव्ह्यू चार ओळीत संपायला हवा होता. पण मधल्या तीन महिन्यांत जो मनस्ताप झाला तो एका नखाएवढ्या पॅकिंगमुळे (दोन भागांच्या सांध्यात बसतं ते गॅस्केट) झाला आणि ते डोक्यातून जात नाहीये, त्यामुळे सगळं सविस्तर लिहितोय, ज्याला घाई असेल त्याने रिटर्न पाइपचा (टर्बोतलं ऑइल परत इंजिनात नेणारा पाइप) भाग तेवढा वाचा.

इंजिन उघडलं का, तर टर्बो गेला म्हणून. आधी सायरनसारखा आवाज, मग निळा धूर, मग पिकअप गायब. नुसता टर्बो बदलून मोकळं व्हायचा विचार होता पण टर्बो उगाच मरत नाही, त्याला बहुतेक वेळा ऑइलची उपासमार मारते, आणि ते कारण शोधलं नाही तर नवा टर्बोही त्याच वाटेने जातो. म्हणून कॉम्प्रेशन घेतलं, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजलं. तीन सिलिंडर साडेअकरा बारच्या आसपास आणि तिसऱ्या नंबरचा साडेसात. त्यात चमचाभर ऑइल टाकून परत घेतलं तर दहाच्या वर गेला, म्हणजे व्हॉल्व ठीक, पिस्टनच्या रिंगा गेल्या. संप (इंजिनखालचं ऑइलचं पातेलं) खाली घेतला तर पंप ऑइल ओढतो त्या जाळीत सिलिकॉन सीलंटचे लांब लांब तुकडे अडकलेले, अगदी शेवया अडकाव्यात तसे. आधी कुणीतरी संप काढून परत बसवताना ट्यूब अख्खी पिळली होती, बाहेर दिसतं तेवढंच आतही फुगून येतं आणि सुटून जाळीवर जाऊन बसतं हे त्याच्या डोक्यात आलं नसावं. तिसऱ्या नंबरच्या बिग एंड बेअरिंगचा (पिस्टनचा दांडा क्रँकला जोडला जातो तिथलं) वरचा थर झिजून तांबं दिसायला लागलं होतं. मग काय, इंजिन बाहेर.

सामान असं घेतलं: रिंगा, मेन आणि बिग एंड बेअरिंग, फुल पॅकिंग सेट, नवे हेड बोल्ट हे सगळं एका किटमधे एका ऑनलाइन विक्रेत्याकडून, आणि टर्बोचं बॅलन्स केलेलं कार्ट्रिज (शाफ्ट आणि चाकं असलेला मधला गाभा) दुसऱ्याकडून. अख्खा नवा टर्बो घेतला नाही कारण दोन्ही हाउसिंग (बाहेरची कवचं) चांगली होती, फक्त मधला गाभा गेला होता आणि उगाच तिप्पट पैसे घालवायला माझा जीव होत नाही. क्रँक मशीन शॉपमधे मोजून पॉलिश केला, हेड लेव्हल करून आणलं, बोअरला होनिंग (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला बारीक घासाई) तिथेच. बाकी सगळं गॅरेजमधे, सुट्टीच्या दिवशी, एकूण सात आठवडे.

खालचं काम करताना मजा आली हे कबूल करतो. होनिंग झालेला ब्लॉक मी गरम पाणी आणि साबण घेऊन ब्रशने घासला, मग पांढऱ्या फडक्याला ऑइल लावून बोअर पुसत बसलो, फडकं करडं येतंय तोपर्यंत पुसायचं, अकराव्या फडक्याला पांढरं आलं. पेट्रोलने धुतलं की झालं असं म्हणणारे बरेच आहेत पण होनिंगची भुकटी पेट्रोलने खोबणीत आणखी बसते, साबणच पाहिजे. रिंगांच्या टोकांमधला गॅप रिंग प्रत्येक बोअरमधे टाकून फिलर गेजने बघितला आणि बरं झालं बघितला, कारण दोन सिलिंडरच्या टॉप रिंगा ०.२० मिलिमीटर निघाल्या, मॅन्युअल म्हणतं कमीत कमी ०.३०. टर्बोमधे वरची रिंग जास्त तापते, फुगते, टोकं एकमेकांना भिडली की रिंग बोअर ओरबाडते किंवा पिस्टनची लँडच (दोन रिंगांमधली कड) उडवते. कानसेने हळूहळू, एकाच बाजूने, आतल्या दिशेने घासून दोन्ही जागेवर आणल्या. इथेच किटबद्दल शंका यायला हवी होती. पण मी खूश, की बघा कसं पकडलं!

बेअरिंगला प्लॅस्टिगेज (चेपून फट मोजायचा मऊ धागा) लावून सगळीकडे ०.०४ मिलिमीटरच्या आसपास आलं, उत्तम. हेड बोल्ट ४० न्यूटन मीटर, मग ९० अंश, मग परत ९० अंश. दुसऱ्या ९० ला बोल्ट ताणला जातोय हे हाताला कळतं, जोर वाढायचा थांबतो आणि पाना नुसता जड जड फिरत राहतो, पहिल्यांदा करणाऱ्याला वाटतं तुटला. तुटत नाही, ते बोल्ट तसे ताणायलाच बनवलेत, म्हणून तर दुसऱ्यांदा वापरायचे नसतात.

टर्बो बसवताना मी शहाण्यासारखं वागलो असं मला तेव्हा वाटत होतं. टर्बोला ऑइल देणारा फीड पाइप नवा टाकला (जुन्यात ऑइल जळून कोळसा झाला होता, तार जात नव्हती), त्याच्या बँजो बोल्टला (ज्यातून ऑइल जातं तो पोकळ बोल्ट) नवे तांब्याचे वायसर, इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा) उतरवून दोनदा धुतला, त्यातून निघालेलं काळं ऑइल बघून पोटात गोळा आला. ऑइलच्या वाटेवर सीलंटचा एक थेंब नाही. कार्ट्रिजमधे सिरिंजने ऑइल भरून शाफ्ट हाताने फिरवला, इंजिन लागू नये म्हणून इंजेक्टरचे कनेक्टर काढून ऑइल प्रेशरचा लाइट विझेपर्यंत थोडं थोडं क्रँक केलं, मगच स्टार्ट. पहिल्या सेल्फला लागलं. बायकोने आतून विचारलं झालं का एकदाचं, म्हटलं झालं.

झालं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सिग्नलला दोन मिनिटं उभा होतो, निघालो आणि आरशात बघतो तर मागचा स्कूटरवाला निळ्या धुरात गायब. चालत्या गाडीला काही नाही, हायवेला काही नाही, फक्त आयडलवर उभं राहून निघालं की एक ढग. रिंगा बसायच्यात अजून म्हणून पाचशे किलोमीटर वाट बघितली, पहिलं ऑइल बदललं, फिल्टर कापून बघितला, धातूची किरकोळ चमक सोडली तर काही नाही. कॉम्प्रेशन चारही बाराला. धूर तसाच. हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल खात होती.

मग मी कार्ट्रिजवाल्याच्या मागे लागलो. त्यांची ठरलेली प्रश्नावली असते, शाफ्टचा प्ले किती, फीड पाइप नवा टाकल्याचं बिल दाखवा, एअर फिल्टरचा फोटो पाठवा, क्रँककेस प्रेशर (इंजिनच्या खालच्या भागात साचलेला दाब) तपासलं का. या शेवटच्या प्रश्नाला तर मी चिडलोच, म्हटलं इंजिन मी स्वतः बांधलंय, कॉम्प्रेशनचे आकडे पाठवलेत, आणि हे मलाच विचारतायत. तरी तपासलं, ऑइल भरायच्या तोंडावर रबरी हातमोजा ताणून लावला, आयडलवर तो किंचित आत ओढला गेला, म्हणजे ब्रीदर (तो दाब बाहेर काढणारी नळी) नीट काम करतोय. व्हिडिओ पाठवला. तीन आठवडे उत्तर नाही. तेव्हा मी एक रिव्ह्यू लिहून ठेवला होता, एक स्टार, "माल घेऊ नका, बॅलन्सिंगच्या नावाने फसवणूक", आणखीही काही शब्द होते. नशिबाने पोस्ट केला नाही.

कारण चौथ्या आठवड्यात त्यांनी काही न बोलता दुसरं कार्ट्रिज पाठवलं. वॉरंटीत, फुकट. परत एक सुट्टी घालवून बदललं, परत सगळं तसंच नियमाने, आणि परत सिग्नलला ढग.

आता एक कार्ट्रिज खराब निघू शकतं, पण दोन्ही खराब, आणि तेही एकसारखी? पहिलं टेबलवर घेऊन बसलो. शाफ्ट आडवा किंचित हलतो, तेवढा हलायलाच हवा, तो ऑइलच्या थरावर तरंगतो. लांबीला हलत नाही. चाकं कुठे घासलेली नाहीत. म्हणजे कार्ट्रिज चांगलं होतं आणि मी महिनाभर भलत्याच माणसाशी भांडत होतो.

टर्बोचं सील म्हणजे आपल्याला माहीत असलेलं रबरी सील नव्हे, पिस्टनच्या रिंगेसारखी बारीक रिंग असते, ती ऑइल अडवते ती मुख्यतः पलीकडच्या गॅसच्या दाबाच्या जिवावर. आयडलला तो दाब नसल्यात जमा. आणि ऑइल प्रेशरने आत येतं खरं, पण बाहेर जातं फक्त उतारावरून, स्वतःच्या वजनाने, तेही लाखभर आरपीएमच्या शाफ्टने घुसळलेलं फेसाळ ऑइल. म्हणून फीड पाइप काडीएवढा आणि रिटर्न पाइप अंगठ्याएवढा असतो. रिटर्न जरा जरी अडला की ऑइल गाभ्यात साचतं आणि सीलवरून सायलेन्सरकडे निघतं. हे सगळं मला माहीत होतं. पाइपला मुरड नाही, उतार बरोबर, आतून स्वच्छ, हेही बघितलं होतं.

पॅकिंग बघितलं नव्हतं.

रिटर्न पाइप सोडला, वरच्या फ्लँजवर (बोल्टने जोडायची चपटी कड) किटमधलं पत्र्याचं पॅकिंग ठेवलं आणि दिव्यासमोर धरलं. पाइपच्या तोंडात गोल उजेड दिसायला हवा होता, दिसत होतं काय तर मधे एक बारकं भोक आणि भोवती सगळीकडून पत्र्याची कड आत आलेली. व्हर्नियर लावला, पाइप १६ मिलिमीटर, पॅकिंगचं भोक ११. ऐकायला पाचचा फरक, पण क्षेत्रफळ काढा, निम्म्याहून कमी उरतं. बोल्टची भोकं तंतोतंत जुळतात, बाहेरचा आकार तंतोतंत, म्हणून बसवताना कळायचा प्रश्नच नाही. हेड गॅस्केट, मॅनिफोल्ड, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, सगळी पॅकिंगं मी जुन्यावर ठेवून ताडून बघितली होती, हे एकच नाही, कारण जुनं चिकटून तुकडे तुकडे होऊन निघालं होतं आणि मी ते कचऱ्यात टाकलं होतं.

तात्पुरतं म्हणून ऑइल आणि उष्णता झेलणारा पॅकिंग शीट घेऊन फ्लँजवर ठेवून हलक्या हातोडीने कडा ठोकून छाप घेतला, कात्रीने आणि पंचने कापलं, भोक १७ ठेवलं, बसवलं. सिग्नलला पाच मिनिटं मुद्दाम उभा राहिलो, मागचे हॉर्न मारत होते. निघालो, आरसा स्वच्छ. पुढे दोन दिवस सायलेन्सरमधलं जुनं ऑइल जळत थोडा धूर आला, मग तोही बंद.

कार्ट्रिजवाल्याला फोन करून सांगितलं आणि दुसऱ्याचे पैसे घ्या म्हटलं. तो म्हणाला पहिलं परत पाठवा, पुरे. एवढंच. मलाच ओशाळल्यासारखं झालं. टर्बोच्या नशिबी हे पहिल्यापासून आहे म्हणा, १९६२ ची ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बो गाडी होती, तिला डिस्टिल्ड वॉटर आणि मिथेनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीत भरावं लागायचं, लोक भरायला विसरायचे, बूस्ट बंद व्हायचा आणि बदनाम टर्बो.

किटवाल्याची गोष्ट वेगळी. त्याला दोन्ही मापांचे फोटो पाठवले तर उत्तर आलं की पॅकिंग ताडून बसवणं ही फिटिंग करणाऱ्याची जबाबदारी आहे, तुमच्या मेकॅनिकशी बोला. मेकॅनिक मीच! आणि चीड याची येते की चूक अर्धी माझी आहेच. पण अख्ख्या किटमधली सगळ्यात स्वस्त वस्तू, ती दुसऱ्या इंजिनची उचलून टाकायची, आणि ०.२० वाल्या रिंगाही याच्याच, हे विसरलेलो नाही. बेअरिंग आणि हेड बोल्ट मात्र चांगले निघाले, खोटं कशाला बोलू. संपाचं पॅकिंगही ठीक, एका कोपऱ्यात घाम येतो, थेंब पडत नाही.

टॉर्क पान्याबद्दल विचारणार असाल तर क्लिकवाला साधाच घेतला, काम झालं की सेटिंग तळाला आणून ठेवतो, नाहीतर स्प्रिंग आळसावते. अँगल गेजऐवजी सॉकेटवर मार्करने खूण करून भागवता येतं. इंजिन स्टँडला मात्र पैसे वाचवू नका, माझा चार चाकांचा आहे आणि तरी ब्लॉक उलटा करताना देव आठवला.

आत्ता, नऊ महिन्यांनी, दोन ऑइल चेंजच्या मधे डिपस्टिक जेमतेम दोन मिलिमीटर उतरते. गार इंजिनला सुरू करताना दोन सेकंद टिकटिक होते, हायड्रॉलिक टॅपेटची (व्हॉल्व ढकलणारे, ऑइलच्या दाबावर चालणारे भाग), ऑइल पोचलं की थांबते, तेवढ्यासाठी हेड उघडणार नाही. लांबून आलो की मिनिटभर आयडलवर ठेवून मग बंद करतो, घरचे हसतात, हसू देत. शीटचं कापलेलं पॅकिंग सहाव्या महिन्यात काढून बरोबर मापाचं पत्र्याचं टाकलं, खरं तर ते शीटवालं अजून शाबूत होतं, नुसतं मनाला बरं वाटावं म्हणून बदललं.

किटवाल्याचं पान काल परत उघडून बघितलं. तेच किट, तोच फोटो, झूम केलं तर पॅकिंग तेच ११ चं.