टेफ्लॉन कॉकचं सेपरेटिंग फनेल, सात महिने वापरून झाल्यावर

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी नोव्हेंबरात स्वतःच्या पैशाने ५०० मिलीचं बोरोसिलिकेट काचेचं सेपरेटिंग फनेल (एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव वेगळे करायचं नरसाळं) घेतलं, टेफ्लॉनच्या कॉकवालं, म्हणजे खालची तोटी टेफ्लॉनची. प्रिन्सेस स्ट्रीटवरून आणलं, मरीन लाइन्स ते ऐरोली दोनदा गाडी बदलून, मांडीवर धरून. आता जून लागलाय, आठवड्यातून दोन-तीनदा तरी हातात असतंच, त्यामुळे लिहितोय.

घेतलं ते एकाच कारणासाठी, ग्रीस. आधी लॅबमधलं काचेच्या कॉकचं वापरायचो, त्याला ग्रीस लावल्याशिवाय कॉक नीट फिरत नाही आणि ते ग्रीस डीसीएममध्ये (डायक्लोरोमिथेन, माल काढायला वापरतो ते द्रावक) विरघळून सरळ कंपाउंडमध्ये उतरतं. एनएमआर (रेणूची रचना दाखवणारा स्पेक्ट्रम) करून आणला तर ०.०७ पीपीएमच्या आसपास सिलिकॉन ग्रीसचा पीक, दोन आठवड्यांचं सॅम्पल परत शुद्ध करत बसलो, फार वाईट वाटलं होतं. टेफ्लॉनला ग्रीस लागतच नाही. नवीन फनेलनंतरच्या एकाही स्पेक्ट्रममध्ये तो पीक दिसला नाही, माझ्यासाठी तिथेच पैसे वसूल झाले.

माझं काम मुख्यतः चहातून कॅफिन काढायचं. १० ग्रॅम चहा सोडियम कार्बोनेट घातलेल्या पाण्यात उकळायचा, म्हणजे टॅनिन क्षार होऊन पाण्यातच राहतं, मग फडक्यातून गाळून, पूर्ण गार करून, २० मिली डीसीएमने तीनदा काढायचं. डीसीएम जड, घनता १.३३, त्यामुळे आपला माल खालच्या थरात. इथे कॉकची खरी परीक्षा होते, कारण शेवटचे थेंब सोडताना हात जरा जरी जास्त फिरला तर काळं पाणी खाली येतं. हा कॉक थेंबाथेंबाने सोडतो, सात महिन्यांत त्यात काही फरक पडलेला नाही.

पण फनेल कितीही चांगलं असो, ताक घुसळल्यासारखं जोरात हलवलं की मधे सायीसारखा थर धरतो, टॅनिनचे क्षार साबणासारखे वागतात म्हणून. हलकेच उलटंसुलटं करायचं, तरी झालंच तर थोडं मिठाचं संपृक्त पाणी घालून वीस मिनिटं स्टँडवर सोडून द्यायचं.

आणि मे महिन्यात नवी मुंबईत जपून. डीसीएम ४० डिग्रीला उकळतं आणि आमच्या लॅबमध्ये दुपारी ३४ असतं, दोनदा उलटवलं तरी आत दाब होतो. दर वेळी फनेल उलटं धरून, टोक फ्यूम हूडच्या (वाफा बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटाच्या) आत वळवून कॉक उघडायचा, कोणाच्या तोंडाकडे कधीच नाही. बायकार्बोनेटने बेंझोइक अ‍ॅसिड वेगळं करताना तर कार्बन डायऑक्साइड सुटतो, तेव्हा बूच न लावताच आधी फेस बसू द्या, मगच बूच लावून हलवा. साधे नायट्राइल ग्लव्ज डीसीएम चटकन पार करतं, सांडलं की लगेच बदला.

तक्रारी आहेत. टेफ्लॉन दाबाखाली हळूहळू बसतं, त्यामुळे कॉकचा नट महिन्याभरात सैल झाला आणि एकदा हूडमध्ये अख्खा खालचा थर गळून गेला, सकाळची मेहनत गेली. तेव्हापासून रोज आधी पाणी भरून बघतो, काम झालं की नट मुद्दाम सैल करून ठेवतो. ओव्हनमध्ये कॉक लावून ठेवू नका, टेफ्लॉन काचेपेक्षा जास्त फुगतं. वरचं बूच मात्र काचेचंच आहे, कार्बोनेटचं पाणी तसंच राहिलं की चिकटतं, माझं एकदा अडकलं होतं, गरम पाण्याची धार सोडून, हलक्या हाताने ठोकून निघालं, म्हणून वापरल्याबरोबर धुवायचं आणि सांध्यात कागदाचा तुकडा ठेवायचा.

यील्ड, म्हणजे हाती येणारं कॅफिन, कधी ८० तर कधी १२० मिलिग्रॅम. कच्चा माल हिरवट असतो, उडवून म्हणजे सब्लिमेशनने शुद्ध केला की पांढऱ्याशुभ्र सुया मिळतात, एमपी, म्हणजे वितळणबिंदू, २३५ डिग्रीच्या वर. एमपी बघायची कॅपिलरी (बारीक काचनळी) मात्र दोन्ही बाजूंनी बंद करा, नाहीतर वितळायच्या आधीच उडून जातं.

एवढ्याशा मालाला ५०० मिली मोठंच पडतं, भिंतींना बरंच चिकटून राहतं. पुढच्या महिन्यात १२५ मिलीचं घेणार आहे, कॉक टेफ्लॉनचाच.