फोल्डर की टॅग? बोलीच्या नोंदी लावताना

नागपुरात धरमपेठेला राहणारी माझी भाची वऱ्हाडीच्या नोंदी जमवते आहे. विषयवार लावायच्या तर फोल्डरांची उतरंड करू की टॅग, यावर तिचं अडलंय.

शोधायला सोपं काय? ‘तो काय करून राहिला?’ हे वाक्य घ्या. ते क्रियापदात, वाक्यरचनेत की हिंदीच्या प्रभावात ठेवायचं? ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, तो ध्वनीतही येतो आणि बोलीतही. फोल्डरमध्ये एकच जागा निवडावी लागते, टॅग मात्र तिन्ही लावता येतात. बस्तरकडच्या हलबी भाषेचं तर विचारूच नका. तिच्यात मराठी, ओडिया, छत्तीसगढी अशा तिन्ही खुणा आहेत, तिला एकाच फांदीवर बसवणं मला अन्यायाचंच वाटतं. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी 1933 मध्ये पुस्तकं लावण्याची द्विबिंदू वर्गीकरण पद्धत मांडली, तेही एका विषयाचे अनेक पैलू धरूनच.

टिकाऊपणात मात्र फोल्डर सरस. गोंडी द्राविडी कुळातली, कोरकू मुंडा कुळातली, ही भाषांची घराणी रोज बदलत नाहीत. टॅग लवकर विस्कटतात. ‘वऱ्हाडी’तला ‘ऱ्ह’ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षर-संकेतांत, दोन तऱ्हांनी लिहिता येतो. डोळ्यांना एकच दिसतो, पण संगणक दोन वेगळे टॅग धरू शकतो.

मेहनत फोल्डरांना सुरुवातीला लागते, टॅगांना कायम.

एकट्यानं, एकाच बोलीवर काम असेल तर तीस-चाळीस टॅगांची ठरलेली यादी पुरते. भाचीला मी तेच सांगितलं. अनेक भाषा आणि अनेक हात असतील, तर भाषाकुळांचे फोल्डर करा आणि आत टॅग लावा.