फॉर्म्युला फोरचं दुसरं वर्ष की रीजनल? २०२६च्या मोसमाआधीचा हिशेब

इटालियन फॉर्म्युला फोरमध्ये, म्हणजे कार्टिंगनंतरच्या पहिल्या पायरीवर, एक मोसम झालाय, नंबर पंधरा-विसाच्या आसपास लागलाय, एखाद-दुसऱ्या शर्यतीत पहिल्या दहात शिरकाव झालाय. अशा ड्रायव्हरच्या घरी मोसम संपला की एकच चर्चा चालते: अजून एक वर्ष इथेच काढायचं, की वरच्या पायरीवर, फॉर्म्युला रीजनल युरोपियनमध्ये जागा धरायची? जो विजेता झाला त्याला हा प्रश्न पडत नाही. जो वर्षभर तळाला राहिला त्याचंही उत्तर ठरलेलं असतं. प्रश्न पडतो तो मधल्यांना, आणि संख्येने तेच जास्त असतात. आम्हाला हा निर्णय घ्यावा लागला आणि आम्ही रीजनल धरलं. तरीही दोन्ही बाजू नीट मांडतो, कारण प्रत्येक पोराचं गणित वेगळं असतं.

फोरचे १८० आणि रीजनलचे २७० हॉर्सपॉवर हे आकडे सगळ्यांना पाठ असतात, पण खरा फरक पडतो तो ब्रेक दाबण्यात. फॉर्म्युला फोरच्या गाडीला जमिनीवर दाबणारा हवेचा दाब बेताचा. तिथे पेडलवर जोर आला की तो बराच वेळ जवळपास तसाच धरून ठेवता येतो आणि मग वळणात शिरताना हळूहळू सोडायचा. रीजनलमध्ये सरळ रस्त्याच्या टोकाला गाडी हवेने जमिनीवर दाबलेली असते, म्हणून पहिला दणका फोरपेक्षा कितीतरी जोरात द्यावा लागतो. पण वेग उतरला की हवेचा तो दाबही उतरतो, आणि त्याच्यासोबत पायाचा जोर उतरला नाही तर पुढचं चाक लॉक होतं, म्हणजे फिरायचं थांबून घसरतं. डेटावर ब्रेक प्रेशरची रेघ बघा. फोरची रेघ सपाट माथ्याच्या टेकडीसारखी दिसते. रीजनलची सुळक्यासारखी उभी चढते आणि माथा गाठताच उतरायला लागते. फोरमधून आलेलं जवळजवळ प्रत्येक पोर सुरुवातीच्या टेस्टमध्ये दोन चुका करतं: पहिला दणका कमी देतं आणि शेवटी जोर जास्त वेळ धरून ठेवतं. परिणामी ब्रेकिंग लांबतं, आणि वर टायरला सपाट डागही पडतो. ही सवय मोडायला आमच्या अंदाजाने चार-पाच टेस्टचे दिवस जातात.

दुसरा फरक स्टिअरिंगचा. पॉवर स्टिअरिंग दोन्हीकडे नाही, पण रीजनलमध्ये वेगवान वळणात ते दगडासारखं जड होतं. शर्यती दोन्हीकडे साधारण अर्ध्या तासाच्या असल्या तरी रीजनलच्या शेवटच्या दहा मिनिटांत मनगटं आणि मान बोलायला लागतात. थकलेला हात आधी वळणात शिरताना चुकत नाही. तो वळणातून बाहेर पडताना चुकतो, कर्बवरून गाडी उसळते तेव्हा सावरायला उशीर करतो. अंगाने बारीक असलेल्या मुला-मुलींसाठी हा मुद्दा किरकोळ समजू नका.

आता फोरच्या दुसऱ्या वर्षाची बाजू. ती कमकुवत नाही. ट्रॅक ओळखीचे झालेले असतात, कोणत्या तापमानाला टायरची हवा किती ठेवायची हे इंजिनियरच्या वहीत लिहिलेलं असतं. मुख्य म्हणजे पुढे राहून शर्यत चालवायला मिळते. सेफ्टी कार आत जाऊन शर्यत पुन्हा सुरू होताना वेग आपण ठरवायचा, मागच्याला टो (पुढच्या गाडीच्या आडोशाने मिळणारा जादा वेग) न देता पुढे कसं निघायचं, हे दहाव्या नंबरावर शिकता येत नाही. काच्पर श्तुका २०२२मध्ये याच मालिकेत होता आणि २०२३मध्ये विजेता झाला. म्हणजे तिथेच थांबून काढलेलं वर्ष वाया जातं असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. खर्चही आवाक्यातला. रीजनलचा एक मोसम फोरच्या दीडपट ते दुप्पट पडतो असं धरून चाला.

तरीही आमचा निर्णय एका गोष्टीवर फिरला, ती म्हणजे फोरचं क्वालिफाइंग, शर्यतीतली सुरुवातीची जागा ठरवणारं सेशन.

गेल्या काही मोसमांत इटालियन फोरला पस्तीसच्या आसपास गाड्या येत आल्या आहेत. त्यांतल्या जितक्या ट्रॅकवर उतरतात तितक्या सगळ्यांना पंधरा-वीस मिनिटांत दोन-तीन स्वच्छ लॅप काढायच्या असतात. मोंझाचा वेगवान ट्रॅक घ्या. तिथे पुढच्या गाडीचा टो मिळाला तर आमच्या अनुभवात तीन-चार दशांश सेकंदांचा फरक पडतो, आणि तेवढ्या फरकात दहा-बारा गाड्या बसतात. त्यामुळे सगळ्यांनाच कुणाच्या तरी मागे राहायचं असतं, पुढे कुणालाच जायचं नसतं. दुसऱ्या लेस्मो वळणानंतर गाड्या रांगायला लागतात, शेवटच्या पाराबोलिका वळणाच्या तोंडाशी तर अक्षरशः रांग लागते. तोवर आउट लॅपवर (वेळ न धरलेल्या पहिल्या लॅपवर) महत्प्रयासाने आणलेली टायरची ऊब निघून जाते, पुढचे ब्रेक थंड पडतात. मग कुणीतरी एकदम सुटतो, त्याच्यामागे पाच-सहा जण, आणि थंड ब्रेकवर पहिल्या शिकेनला चाक लॉक होतं. गाडी सरळ जाते, लॅप रद्द. टायरचा सर्वोत्तम लॅप तिथेच खर्ची पडलेला असतो. पुढच्या लॅपला मागचे टायर गरम होऊन घसरायला लागतात आणि तेवढ्यात कुठेतरी लाल झेंडा येऊन सेशन थांबतं.

हे फक्त फोरमध्येच होतं असं नाही. २०१९मध्ये मोंझालाच फॉर्म्युला थ्रीच्या क्वालिफाइंगमध्ये विनाकारण हळू चालवल्याबद्दल ३० पैकी १७ ड्रायव्हरांना ग्रिडवर (शर्यतीच्या सुरुवातीच्या रांगेत) मागे ढकललं गेलं होतं. पण फोरमध्ये गर्दी जास्त आणि वय कमी, त्यामुळे हा गोंधळ मोंझापुरता राहत नाही, लहान ट्रॅकवर तर वेगळ्याच प्रकारे होतो: तिथे टो नको असतो, मोकळी जागा हवी असते, आणि नेमकी तीच नसते. याचा खरा त्रास निकालापेक्षा शिकण्यात होतो. बाविसावा नंबर आला तर तो ड्रायव्हिंगमुळे आला की रांगेत चुकीच्या जागी सापडल्यामुळे, हे डेटा उघडूनही सांगता येत नाही. इंजिनियर म्हणतो, स्वच्छ लॅप मिळाली असती तर आठवा होतास. असेलही. पण याच वाक्यावर आणखी एक वर्ष काढायचं का, हा विचार करा.

रीजनलमध्ये आतापर्यंतची पद्धत दोन गटांची राहिली आहे. एका वेळी निम्म्याच गाड्या ट्रॅकवर. ज्या गटातून सर्वांत वेगवान वेळ येते त्या गटाला ग्रिडवरच्या विषम जागा, दुसऱ्याला सम. गटात पाचवा आलात तर नववे किंवा दहावे. यातही अन्याय आहे, कारण मागाहून उतरणाऱ्या गटाला रबर बसलेला ट्रॅक मिळतो, आणि मधेच पाऊस आला तर एका गटाचं नशीब फुटतं. पण लॅप आपली असते. चुकली तर का चुकली ते त्याच संध्याकाळी कळतं. शिवाय वीकेंडला दोन क्वालिफाइंग आणि दोन शर्यती, २०२५पर्यंत असे दहा वीकेंड होते. फोरच्या सात वीकेंडांपुढे क्वालिफाइंगचा एवढा सराव मोठाच म्हणायचा.

२०२६ला आणखी एक गोष्ट रीजनलच्या बाजूने आहे. तातूस कंपनीची टी-३१८ गाडी जाऊन टी-३२६ येते आहे, इंजिनही बदलून टोयोटाचं येतं आहे. एरवी रीजनलमध्ये दुसऱ्या वर्षाच्या ड्रायव्हरकडे जुन्या सेट-अपची जाडजूड फाइल असते आणि नवख्याला अर्धा मोसम ती फाइल भरण्यातच जातो. नव्या गाडीच्या वर्षी ती फाइल सगळ्यांचीच बरीचशी कोरी होते. ब्रेकिंगची आणि हवेच्या दाबाची समज जुन्यांकडे राहतेच, ती कुणी काढून घेत नाही, पण अंतर कमी होतं. अर्थात नव्या गाडीचे बारके आजारही असतात, म्हणजे सेन्सर, वायरिंग, सुट्या भागांची टंचाई. सुरुवातीच्या दोन-तीन वीकेंडांत एखादं सेशन गॅरेजमध्येच जाईल, हे गृहीत धरा.

रीजनलच्या विरोधातला सर्वांत मोठा मुद्दा ओव्हरटेकिंगचा. पुढच्या गाडीच्या मागे वेगवान वळणात शिरलं की पुढच्या पंखाला स्वच्छ हवा मिळत नाही, गाडी वळायला नकार देते, पुढचे टायर तापतात. फोरमध्ये पंधराव्यावरून सातव्यावर येता येतं. रीजनलमध्ये तेराव्यावरून निघालात तर बहुधा अकराव्यावर संपवाल. ज्याची ताकद चाका-चाकाच्या लढाईत आहे आणि एका लॅपच्या वेगात नाही, त्याने फोरमध्ये आणखी एक वर्ष राहावं, असं मला मनापासून वाटतं.

सुपर लायसन्सचे (फॉर्म्युला वन चालवायच्या परवान्याचे) गुण थोडक्यात: फोरच्या विजेत्याला १२, रीजनल युरोपियनच्या विजेत्याला २५. तीन मोसमांत ४० लागतात. या वयात त्यावर निर्णय घेऊ नका. वरच्या वर्गापर्यंत पोहोचेस्तोवर आजचे गुण बहुधा मोजणीतून बाहेर गेलेले असतील.

उदाहरणं शोधाल तर फॉर्म्युला वनपर्यंत पोहोचलेल्या आंतोनेल्लीचं पहिलं सापडेल: २०२२ला फोर जिंकलं, २०२३ला रीजनल, २०२४ला थेट फॉर्म्युला टू. फ्रेडी स्लेटरनेही २०२४ला फोर आणि २०२५ला रीजनल जिंकलं. पण हे दोघं विजेते म्हणून वर गेले, त्यांचं माप आपल्याला लागू नाही. मधल्या फळीसाठी फॉर्म्युला वनच्याच पियास्त्रीकडे बघावं. २०१८ला फॉर्म्युला रेनो युरोकपमध्ये (तेव्हाची याच पायरीची मालिका) आठवा, तिथेच थांबून २०१९ला विजेता. म्हणजे दुसरं वर्ष लागणारच असेल, तर ते वरच्या पायरीवर लावलेलं बरं, असं आमचं मत झालं.

जागा धरण्यापूर्वी टीमला चार गोष्टी लेखी विचारा. करारात टेस्टचे किती दिवस आहेत आणि त्यात नव्या टायरचे किती सेट? अपघाताचा खर्च कुणाचा, आणि प्रत्येक प्रसंगाला वेगळा की मोसमाची एकच मर्यादा? इंजिनियर नेमका कोण, आणि तो पूर्ण मोसम राहणार का? आणि सहकारी ड्रायव्हर कोण? हा शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत. वेगवान सहकाऱ्याचा डेटा शेजारी ठेवून बघता येणं, हे दोन टेस्टच्या दिवसांइतकं मोलाचं आहे. मोठ्या टीमची शेवटची गाडी आणि मधल्या टीमची पहिली गाडी यांत निवड असेल, तर मागच्या मोसमात त्या शेवटच्या गाडीचे निकाल काय होते ते बघूनच ठरवा.

अजूनही मन डळमळत असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत रीजनल पातळीवरच्या मालिका असतात, आखातात यास मरीना-दुबईला आणि न्यूझीलंडमध्ये. तिथे एक-दोन वीकेंड चालवून मानेचा आणि ब्रेकचा अंदाज येतो. फक्त तोवर युरोपातल्या चांगल्या जागा भरलेल्या असतात, म्हणून टीमशी बोलणी नोव्हेंबरातच सुरू ठेवा.

व्यायाम पहिल्या टेस्टच्या बारा आठवडे आधी सुरू व्हायला हवा: मान, पाठीचा वरचा भाग, पंजाची पकड. आणि सीटचा साचा ओतताना घाई करू नका. फोरच्या सीटमध्ये कोपराला थोडी कमी जागा चालून जाते. रीजनलमध्ये जड स्टिअरिंग पूर्ण वळवताना कोपर साच्याला घासलं की हात तिथेच अडतो, आणि हळू हेअरपिनला गाडी रुंद जाते. साचा सुकायच्या आत स्टिअरिंग दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवून बघा, हेल्मेट, हातमोजे आणि पट्टे घालून.