आयबीसीएलसीचं नूतनीकरण: पॉइंट जमवायचे की परीक्षा द्यायची?

बालरोग, स्त्रीरोग किंवा जनरल प्रॅक्टिस सांभाळून आयबीसीएलसी (आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र असलेले स्तनपान सल्लागार) झालेल्या डॉक्टरांपुढे दर पाच वर्षांनी एकच प्रश्न उभा राहतो: शिक्षणाचे पॉइंट दाखवून प्रमाणपत्र पुढे न्यायचं, की पुन्हा परीक्षेला बसायचं? पूर्वी दर दहा वर्षांनी परीक्षा सक्तीची होती. आता ती सक्ती राहिलेली नाही, प्रत्येक पाच वर्षांच्या शेवटी दोन्हींपैकी एक मार्ग निवडता येतो. जुन्या नियमावर विसंबून विनाकारण परीक्षेची तयारी करणारे, किंवा उलट 'पॉइंट काय, होतील गोळा' म्हणत चौथं वर्ष संपवणारे, असे दोन्ही प्रकार आजही दिसतात.

आधी नावांचा एक घोटाळा दूर करू: या क्षेत्रातल्या तीन वेगवेगळ्या संस्थांची नावं एकमेकांत मिसळतात. अमेरिका आणि कॅनडातल्या डॉक्टरांसाठी नॉर्थ अमेरिकन बोर्ड ऑफ ब्रेस्टफीडिंग अँड लॅक्टेशन मेडिसिन हे स्वतंत्र मंडळ आहे. तिकडे प्रॅक्टिस करणाऱ्या मराठी डॉक्टरांनी त्याचे नियम वेगळे पाहावेत. अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन ही 1994 साली स्थापन झालेली डॉक्टरांची संघटना, आणि तिची फेलोशिप म्हणजे केलेल्या कामाची दखल. भारतात 'लॅक्टेशन मेडिसिन' (दूध येणं आणि स्तनपान यांचं वैद्यकशास्त्र) अशी मान्य स्पेशालिटी नाही. त्यामुळे इथल्या डॉक्टरच्या हातात मुदतीचं, पुन्हा पुन्हा पडताळलं जाणारं प्रमाणपत्र असतं ते बहुतेक वेळा आयबीसीएलसीचंच. ते देणारी आयबीएलसीई ही संस्था 1985 पासून काम करते आहे. देशानुसार शुल्काच्या तीन श्रेण्या आहेत, त्यात भारत तिसऱ्या, म्हणजे सर्वांत कमी शुल्काच्या श्रेणीत येतो.

पॉइंटचा मार्ग

पाच वर्षांत 75 पॉइंट लागतात. एक पॉइंट म्हणजे 60 मिनिटांचं शिक्षण. त्यातले किमान 50 'एल' हवेत, म्हणजे थेट स्तनपान आणि दूध येण्याच्या शास्त्राशी संबंधित. किमान 5 'ई' हवेत, म्हणजे आचारसंहिता आणि व्यावसायिक नीती. उरलेले 20 कोणतेही चालतात, 'आर' म्हणजे संलग्न विषयाचेही. याशिवाय पाच वर्षांत लॅक्टेशनच्या कामाचे 250 तास, जीवरक्षक प्रशिक्षण आणि आयबीएलसीईची ऑनलाइन स्वयंमूल्यांकन चाचणी.

आकडे मोठे वाटतात, पण पाच वर्षांत पसरले तर ओझं होत नाही. वर्षाला 15 पॉइंट म्हणजे महिन्याला सव्वा तास. वर्षाला 50 तासांचं काम म्हणजे आठवड्याला जेमतेम एक तास, आणि त्यात शिकवणं, संशोधन, विनामोबदला केलेलं कामही धरता येतं. जीवरक्षक प्रशिक्षण बीएलएसचं (प्राथमिक जीवरक्षणाचं) किंवा नवजात पुनरुज्जीवनाचं बहुतेक डॉक्टरांकडे असतंच, फक्त त्याची तारीख या पाच वर्षांतली आहे ना, ते बघायचं.

अडतं ते 'आर'पाशी. दोन दिवसांच्या नवजातशास्त्र परिषदेला जाऊन आलं की 14 तास झाले असं वाटतं. प्रत्यक्षात त्यातलं कोलोस्ट्रम (पहिलं चीकदूध) किंवा दात्याच्या दुधावरचं एखादं सत्र 'एल' ठरतं आणि व्हेंटिलेटर, सेप्सिस, कावीळ हे सगळं 'आर'च्या खात्यात जातं. तिथे 20 च्या पुढचं काहीच मोजलं जात नाही. म्हणून हाती 90 तासांची प्रमाणपत्रं असूनही 'एल' 40 वरच अडकलेले डॉक्टर भेटतात.

दुसरी अडचण 'ई'ची. पाचच तास लागतात, म्हणून ते शेवटावर ढकलले जातात. या विषयांचे कोर्स मुळात कमी. संमती, गोपनीयता, हितसंबंधांचा संघर्ष, 1981 ची दुधाच्या पर्यायांच्या विक्रीची आंतरराष्ट्रीय संहिता, हे विषय यात बसतात. दुसऱ्याच वर्षी ते संपवून टाकावेत.

तिसरी अडचण भारतात विशेष जपायची. संहितेच्या कक्षेत येणारा माल विकणाऱ्या कंपनीने घेतलेल्या कार्यक्रमाचे पॉइंट आयबीएलसीई देत नाही. आपल्याकडे तर 1992 चा आयएमएस कायदा, 2003 च्या दुरुस्तीसह, फॉर्म्युला आणि बाटल्यांच्या उत्पादकांना डॉक्टरांच्या संघटनांना परिषद, सेमिनार, फेलोशिप यांसाठी पैसे द्यायलाच मनाई करतो. हॉलबाहेर कोणाचा बॅनर लागलाय हे नाव नोंदवण्यापूर्वी बघा. नंतर कळलं तर ते तास हातचे जातात आणि त्याहून वाईट म्हणजे नाव जातं.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचे पाच वर्षांचे 30 क्रेडिट पॉइंट हे वेगळं खातं आहे. एकच परिषद दोन्हीकडे उपयोगी पडू शकते, पण कौन्सिलचा पॉइंट मिळाला म्हणून आयबीएलसीईचा आपोआप मिळत नाही. आयोजकांनी आधी मान्यता घेतलेली नसेल तर सत्राचा विषय, वक्ता आणि मिनिटं दाखवणारी छापील कार्यक्रमपत्रिका जपून ठेवावी लागते. अर्जांमधून काही अर्ज तपासणीसाठी उचलले जातात. तेव्हा 'सहभागी झाले' एवढंच लिहिलेलं सुंदर नक्षीचं प्रमाणपत्र कामाला येत नाही. त्यावर तास आणि तासांची 'एल', 'ई', 'आर' अशी फोड हवी.

250 तासांचंही तसंच आहे. लसीकरणाच्या ओपीडीत पाच मिनिटं पाजण्याबद्दल बोललं म्हणून अख्खी ओपीडी मोजता येत नाही. एक साधी वही पुरते: तारीख, बाळाचं वय दिवसांत, तक्रार, काय पाहिलं, किती मिनिटं. '11 दिवस, वजन वाढत नाही, पाजणं प्रत्यक्ष पाहिलं, आधी-नंतर वजन केलं, 18 ग्रॅमचा फरक, 40 मिनिटं' अशी एक ओळ तासांचा हिशोबही देते आणि पाच वर्षांनी वाचताना आपण कुठे चुकत होतो तेही दाखवते. (वजनकाटा 2 ग्रॅमपर्यंत अचूक नसेल तर तो 18 चा आकडा काही सांगत नाही.)

स्वयंमूल्यांकन: इथे घाई नको, पण उशीरही नको

या चाचणीत पास-नापास नाही. सात विषयांत तुमची ताकद कुठे आणि पोकळी कुठे हे ती दाखवते: विकास व पोषण, शरीरक्रिया व अंतःस्राव, विकृती, औषधं व विषारी परिणाम, मानसशास्त्र-समाजशास्त्र, तंत्रं आणि प्रत्यक्ष कौशल्यं. त्यावरून 'एल' पॉइंट कोणत्या विषयांत मिळवायचे याची व्यक्तिगत योजना मिळते. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी चाचणी, मग कोर्स. उलट केलं तर आवडीच्या विषयात 30 तास घालून झाल्यावर कळतं की योजना भलतीकडेच बोट दाखवते आहे.

डॉक्टरांची पोकळी बहुधा विकृती आणि औषधांत नसते. ती असते तंत्रांत आणि माणसं समजून घेण्यात: आईने बाळ कसं धरलंय, पंपाचा फ्लँज (स्तनावर बसणारा कप) स्तनाग्राला घट्ट होतोय का, 'दूध पुरत नाही' म्हणणाऱ्या बाळंतिणीच्या बोलण्यामागे सासरची भीती आहे की खरंच वजन घटतंय. आपल्याला न जमणारा भाग कोणीतरी बाहेरून दाखवून देणं, हे या मार्गाचं खरं मोल आहे.

परीक्षेचा मार्ग

175 बहुपर्यायी प्रश्न, साधारण चार तास, दोन भाग. दुसऱ्या भागात छायाचित्रांवर आधारलेले प्रश्न. इंग्रजी परीक्षा वर्षातून दोनदा होते, साधारण एप्रिल आणि सप्टेंबरमध्ये. मराठीत ती नाही. पॉइंटच्या 75 तासांची जुळवाजुळव इथे लागत नाही.

फायदा वेळेचा वाटतो, पण तयारीचे तास प्रामाणिकपणे मोजले तर फरक फारसा उरत नाही. खरा फायदा वेगळा आहे: विषय पहिल्यापासून शेवटपर्यंत एका दमात परत वाचून होतो. 2022 पूर्वी उत्तीर्ण झालेल्यांना याची गरज आहे, आणि ती का हे एका उदाहरणात दिसतं.

बाळंतपणानंतर नवव्या दिवशी आई येते. डाव्या स्तनात पाचरीसारखा लाल, कडक पट्टा, अंगात कणकण. जुन्या शिकवणीप्रमाणे उत्तर होतं गरम शेक, जोरात मालिश, आणि 'स्तन पूर्ण रिकामा करा'. अकॅडमीचा 2022 चा 36 क्रमांकाचा प्रोटोकॉल हे उलटं करतो: थंड शेक, आयबुप्रोफेनसारखं सूजरोधक औषध, अगदी हलका हात, आणि बाळाच्या गरजेपुरतंच पाजणं. जास्त पंप केलं की दूध आणखी वाढतं, आणि जोरात चोळलं की सुजलेल्या ऊतींना आणखी इजा होते. या एका प्रोटोकॉलने स्तनदाह आणि दूध दाटणं यांवरचे जुने प्रोटोकॉल बाद केले. ज्यांचा हात अजून 'रिकामा करा' सांगतो, त्यांच्याकडून आईचा आजार लांबतो. पॉइंटच्या मार्गातही हे शिकता येतं, पण त्यासाठी तो कोर्स आपण होऊन निवडावा लागतो. परीक्षेत तो टळत नाही.

औषधांच्या बाबतीतही तसंच. कोडीन आणि ट्रॅमाडॉल स्तनदा मातेला देऊ नका असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2017 मध्ये दिला. काही स्त्रियांच्या शरीरात या औषधांचं सक्रिय रूपांतर फार वेगाने होतं आणि दुधातून बाळाचा श्वास मंदावू शकतो. सिझेरियननंतर ट्रॅमाडॉल लिहिण्याची सवय असलेल्या हाताला हे पुन्हा वाचावंच लागतं.

डॉक्टर या परीक्षेत गुण घालवतात ते अज्ञानामुळे नव्हे, भूमिकेमुळे. प्रश्न विचारतो, 'सर्वांत आधी काय कराल?' आणि डॉक्टरचं मन थेट औषधाकडे किंवा तपासणीकडे धावतं. अपेक्षित उत्तर बहुधा असतं पाजणं प्रत्यक्ष पाहणं, किंवा आईला आणखी विचारणं. शिवाय प्रश्न सल्लागाराच्या कक्षेतून विचारलेला असतो, प्रिस्क्रिप्शन लिहिणाऱ्याच्या नव्हे. प्रत्येक प्रश्नात बाळाचं वय आधी अधोरेखित करा, तिसऱ्या दिवसाचं आणि तिसऱ्या महिन्याचं उत्तर एक नसतं.

धोका उघड आहे: नापास होण्याचा. शेवटच्या वर्षाच्या सप्टेंबरला बसलात तर मुदत संपण्याआधी दुसरी संधी नाही, आणि निकालाला काही आठवडे जातात. परीक्षाच द्यायची असेल तर एप्रिलची द्या.

कोणी काय निवडावं

आठवड्याला लॅक्टेशनच्या चार-पाच केसेस पाहणाऱ्या, वही ठेवणाऱ्या डॉक्टरने पॉइंटचाच मार्ग धरावा. तिथे शिकलेलं दुसऱ्या दिवशी ओपीडीत वापरलं जातं. बदली, स्वतःचं बाळंतपण किंवा परदेशवारी यामुळे दोन-तीन वर्षं कोर्स राहून गेले असतील, पण वाचन चालू असेल, त्यांनी परीक्षा. 2022 आधीचं ज्ञान तसंच राहून गेलंय असं मनाला खात्रीने माहीत असेल, तर पॉइंट पुरेसे असले तरी परीक्षेचा अभ्यासक्रम समोर ठेवून वाचावं. प्रमाणपत्राला नसली तरी समोरच्या आईला त्याची गरज आहे.

निर्णय तिसऱ्या वर्षी घ्यावा. प्रमाणपत्र संपण्याची तारीख आणि अर्जाची शेवटची तारीख वेगळ्या असतात, आणि अर्जाची कितीतरी आधी येते. मुदत टळली की नावापुढे आयबीसीएलसी लावता येत नाही, आणि सार्वजनिक नोंदवहीत ते कोणालाही तपासता येतं.

उशीर झालाच असेल तर आधी बेरीज मांडा. समजा हाती 48 पॉइंट आहेत: 31 'एल', 17 'आर', 'ई' एकही नाही. तुम्हाला 19 'एल' आणि 5 'ई' हवेतच, म्हणजे एकूण 72. वर कोणतेही तीन. सत्तावीस तास, चार महिने हाती असतील तर महिन्याला सात. हे जमण्यासारखं आहे, पॉइंटवरच राहा. हाती 20 च्या आतच असतील तर अडचणीतल्या आठवड्यांत दिवसरात्र वेबिनार ऐकत बसण्यापेक्षा एप्रिलच्या परीक्षेची नोंदणी करा.