कॉमन डेटा सेट: एसएटीचे गुण पाठवायचे की नाही, हे ठरवण्यासाठी किती कामाचा?

अमेरिकेतल्या कुठल्याही कॉलेजचं नाव आणि पुढे ‘कॉमन डेटा सेट’ असं शोधलं की बहुतेक वेळा एक लांबलचक पीडीएफ हाती लागते. एसएटी ही प्रवेशपरीक्षा घेणारं कॉलेज बोर्ड, कॉलेजांची मार्गदर्शिका काढणारं पीटरसन्स आणि कॉलेजांची क्रमवारी लावणारं यू. एस. न्यूज यांनी मिळून ठरवलेला हा नमुना. कॉलेजं तो दरवर्षी स्वतः भरतात. ‘ए’ ते ‘जे’ असे दहा विभाग, सगळे तक्ते, सजावट शून्य. पैसे घेऊन सल्ला देणारे बरेच जण ज्या आकड्यांवर बोलतात ते इथे फुकट आहेत. ‘टेस्ट ऑप्शनल’, म्हणजे परीक्षेचे गुण देणं ऐच्छिक ठेवणाऱ्या, कॉलेजला गुण कळवायचे की झाकून ठेवायचे, एवढ्यापुरती याहून चांगली वस्तू नाही. मात्र ती वाचताना चूक होते ती जवळजवळ नेहमी एकाच जागी.

सगळी पीडीएफ वाचायची गरज नाही. प्रवेशाच्या ‘सी’ विभागातले सी ७, सी ८ आणि सी ९ हे तक्ते पुरे.

सी ८ मध्ये परीक्षेबद्दलचं धोरण असतं. परीक्षा सक्तीची असेल तर प्रश्नच मिटला. एमआयटीने २०२२ मध्ये सक्ती परत आणली. डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड आणि कॅलटेक यांनी ती २०२४ मध्ये जाहीर केली. येलला एसएटी किंवा तिच्यासारख्याच एसीटी या परीक्षेऐवजी एपी किंवा आयबी या अभ्यासक्रमांच्या परीक्षांचे गुणही चालतात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया तर प्रवेश देताना हे गुण बघतच नाही, तिथे १६०० पैकी १५८० सुद्धा वाया. पण धोरणासाठी सी ८ वर विसंबू नका. २०२४-२५ चा सेट २०२४ च्या शरद ऋतूत दाखल झालेल्या मुलांचा असतो, आणि त्यांनी अर्ज केले ते त्याच्या आदल्या वर्षी. मधल्या काळात नियम बदललेला असू शकतो. धोरण कॉलेजच्या प्रवेश विभागाच्या पानावरच बघावं.

खरा माल सी ९ मध्ये आहे. इथे २५वा, ५०वा आणि ७५वा पर्सेंटाइल दिलेला असतो. त्याच्या वर एक ओळ असते, ती बहुतेक जण ओलांडून पुढे जातात: दाखल झालेल्यांपैकी किती टक्के मुलांनी गुण दिले होते. आधी तीच वाचा, कारण खालचे पर्सेंटाइल फक्त त्या मुलांचे असतात, सगळ्या वर्गाचे नव्हेत.

उदाहरणादाखल एक काल्पनिक कॉलेज घेऊ. एसएटी देणारे ३५ टक्के, एसीटी देणारे १५ टक्के, एसएटीचा २५वा पर्सेंटाइल १४२० आणि मधला आकडा, म्हणजे ५०वा पर्सेंटाइल, १४८०. काही मुलं दोन्ही परीक्षांचे गुण देतात, म्हणजे गुण देणारे फार तर ५० टक्के. एसएटीवाल्यांतल्या तळच्या पाव भागाला १४२० किंवा त्याहून कमी. अख्ख्या वर्गाच्या हिशेबात ही जेमतेम ९ टक्के मुलं झाली. उरलेल्या अर्ध्या वर्गाने काहीच दाखवलं नाही, आणि परीक्षा दिली असेल तर त्यांतल्या बहुतेकांचे गुण या पट्ट्याच्या खाली असण्याची शक्यता जास्त. ‘१४२० म्हणजे या कॉलेजात तळाला’ असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे. तोच १४२० हा २५वा पर्सेंटाइल ९० टक्के मुलांनी गुण दिलेल्या कॉलेजात असेल, तर मात्र तळ म्हणजे खरोखर तळ.

म्हणून एकच फूटपट्टी सगळीकडे चालत नाही. मधल्या आकड्याच्या वर असाल तर पाठवा, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. २५ आणि ५० च्या मध्ये असाल आणि गुण देणारे निम्म्याहून कमी असतील, तर आमचा कल पाठवण्याकडे. गुण न देणाऱ्या अर्जाला उरलेल्या सगळ्या गोष्टींवर जास्त भार पेलावा लागतो, आणि ट्रान्स्क्रिप्ट (शाळेतल्या विषयवार गुणांची नोंद) मध्यम असेल तर तो पेलत नाही. २५ च्या खाली सहसा नाही. अपवाद एक, आणि तो मोठा आहे. तुमच्या शाळेची सरासरी ११०० च्या आसपास असेल तर १४०० चा अर्थ प्रवेश अधिकाऱ्याला वेगळा दिसतो. डार्टमथने सक्ती परत आणताना केलेल्या अभ्यासात हेच समोर आलं: कमी साधनांच्या घरांतली मुलं १४०० च्या आसपासचे गुण दडवत होती, आणि ते पाठवले असते तर त्यांचा फायदा झाला असता. ही बाजू सी ९ मध्ये कुठेच दिसत नाही.

विषयवार आकडेही बघा. इंजिनीअरिंगच्या अर्जात एकूण १४६० पेक्षा गणिताचे ७८० जास्त बोलतात. उलट गणितात ६८० असतील तर तोच १४६० अडचणीचा. एसीटीची ओळ वेगळी असते आणि कॉलेजांनी एका परीक्षेचे गुण दुसरीत बदलून भरायचे नसतात. तुलना करायची तर २०१८ चा अधिकृत तक्ता घ्या: एसीटी ३१ म्हणजे साधारण १४००, ३३ म्हणजे १४६०. जी परीक्षा वर बसते ती पाठवा.

आता उणिवा. आकडे दाखल झालेल्यांचे आहेत, प्रवेश मिळालेल्यांचे नव्हेत. प्रवेश मिळालेल्यांचे बहुधा थोडे वरचे असतात. सुपरस्कोअर, म्हणजे वेगवेगळ्या तारखांच्या परीक्षांतले विषयवार सर्वोत्तम गुण जोडून केलेली बेरीज, घेणारं कॉलेज तेच आकडे भरू शकतं, तेव्हा तुलनाही आपल्या सुपरस्कोअरशी करा. सी ७ मध्ये परीक्षेपुढे ‘विचारात घेतो’ अशी खूण बहुतेक ऑप्शनल कॉलेजं करतात, त्यातून फारसं काही कळत नाही. आणि सेट प्रसिद्ध करणं ऐच्छिक आहे. सापडला नाही तर सरकारी ‘कॉलेज नेव्हिगेटर’वर पर्सेंटाइल आणि गुण देणाऱ्यांची टक्केवारी सहसा मिळते.

निर्णय झाल्यावर घोळ होतो तो अनेक कॉलेजांना एकच अर्ज पाठवता येणाऱ्या कॉमन अ‍ॅपमध्ये. तिथला ‘टेस्टिंग’ भाग सगळ्या कॉलेजांना सामाईक आहे. गुण एकाला द्यायचे आणि दुसऱ्याला नाहीत, तर दुसऱ्याचा अर्ज पाठवण्याआधी स्वतः गुण कळवण्याच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ करा, प्रीव्ह्यूची पीडीएफ उघडून खात्री करा, मग पाठवा. कॉलेजच्या स्वतःच्या प्रश्नांत वेगळी विचारणा असते, तिथलं उत्तरही जुळलं पाहिजे. एसएटीचे गुण कॉलेजांना कळवणारे चार फुकट अहवाल कुठे पाठवायचे ते परीक्षेनंतर नऊ दिवसांच्या आत ठरवावं लागतं, म्हणजे सहसा निकाल दिसण्याआधीच. ऑप्शनल कॉलेजांसाठी ते वापरू नयेत. चौदा-पंधरा डॉलर वाचवण्याच्या नादात निर्णयच हातचा जातो. कुठल्या परीक्षेचे गुण पाठवायचे ते निवडण्याच्या ‘स्कोअर चॉइस’ या सोयीने पूर्ण तारीख निवडता येते, एका तारखेचं गणित आणि दुसऱ्या तारखेचं इंग्रजी नाही. आणि काही हायस्कूल ट्रान्स्क्रिप्टवरच एसएटीचे गुण छापतात. ते काढून मिळतील का, हे काउन्सेलरला अर्ज पाठवण्याआधी विचारा.