पाहुण्यांबद्दल जे घडलं तेच लिहायचं: एअरबीएनबीच्या गेस्ट रिव्ह्यूचा एका हंगामाचा अनुभव

अलिबाग तालुक्यात नागावला आमची वाडी आहे. नारळ-सुपारीच्या मधोमध सासऱ्यांनी बांधलेलं घर, त्यातल्या तीन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. मार्च 2020 मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली आणि मुंबईची माणसं स्वतःची गाडी बोटीत घालून थेट या बाजूला उतरायला लागली. तेव्हापासून शनिवार-रविवार वाडी सहसा रिकामी नसते. बहुतेक पाहुणे फार चांगले असतात. जाताना चादरी घडी करून ठेवणारेही असतात. मी आज लिहितेय ते उरलेल्यांबद्दल, आणि अशा पाहुण्यांविषयी होस्टने, म्हणजे घर देणाऱ्याने, काय लिहावं याबद्दल. गेल्या पावसाळ्यानंतर हंगाम सुरू झाला तेव्हापासून एअरबीएनबी या घरं-खोल्या भाड्याने देण्याच्या ॲपवरून आलेल्या प्रत्येक बुकिंगनंतर मी गेस्टचा, म्हणजे पाहुण्याचा, रिव्ह्यू लिहिते, आणि जे घडलं ते लिहिते. आता मे संपत आलाय.

सुरुवात झाली ती दिवाळीनंतरच्या एका ग्रुपपासून. रिक्वेस्ट आली तेव्हा मी त्यांचे जुने रिव्ह्यू नीट वाचले होते. आधीच्या होस्टनी लिहिलं होतं: मस्त ग्रुप, पुन्हा या, काही त्रास नाही. बुकिंग सहा जणांचं. संध्याकाळी दोन गाड्यांतून अकरा जण उतरले. रात्री एक वाजता ओट्यावर स्पीकर चालू होता आणि शेजारच्या वाडीतले काका बॅटरी घेऊन कुंपणापाशी उभे होते. त्यांच्या घरात नव्वदीच्या आजी झोपलेल्या. सकाळी न्हाणीघराची जाळी उचलली तर खाली वाळू, सिगारेटची थोटकं आणि बाटल्यांची झाकणं. दोन-तीन ठिकाणी राहून आलेली ही मंडळी नेमकी आमच्याकडेच पहिल्यांदा अशी वागली असतील, हे मला पटत नाही. आधीच्या होस्टनी सोसलं आणि गोड लिहून मोकळे झाले, असंच मला वाटतं. "उगाच वाईटपणा कशाला घ्या," असं आमच्या भागातले होस्टही म्हणतात. पण भीड भिकेची बहीण. एकाने भिडेपोटी लिहिलेल्या दोन ओळींवर विसंबून दुसरा आपल्या घराची किल्ली देतो.

सोय कशी चालते ते आधी सांगते, कारण बऱ्याच जणांच्या मनातली भीती अर्धवट माहितीतून आलेली आहे. पाहुणा गेल्यावर दोघांनाही चौदा दिवस मिळतात. मी काय लिहिलं ते त्याला, आणि त्याने काय लिहिलं ते मला, दोघांचं लिहून होईपर्यंत किंवा चौदा दिवस संपेपर्यंत दिसत नाही. ही पद्धत 2014 पासून आहे. म्हणजे तुमचा रिव्ह्यू वाचून चिडून त्याने तुम्हाला एक स्टार दिला, असं घडायला जागाच ठेवलेली नाही. गेस्टला स्टार तीन गोष्टींसाठी देता येतात: स्वच्छता, बोलणं-कळवणं आणि घराचे नियम पाळणं. शिवाय सगळ्यांना दिसेल असा मजकूर, आणि फक्त त्या पाहुण्याला दिसेल अशी वेगळी चिठ्ठी. जाहीर मजकुराखाली पाहुण्याला आपली बाजू मांडता येते, त्यासाठी तीस दिवस असतात. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्याच्याबद्दल मी लिहिते त्याला तिथेच, त्याच पानावर बोलता आलं पाहिजे.

काही होस्ट चौदाव्या दिवशी रात्री शेवटच्या तासात रिव्ह्यू टाकतात. आपण लिहिलं की पाहुण्याला सूचना जाते, त्याला आठवण होते आणि तो आपल्याबद्दल लिहायला बसतो, म्हणून ही युक्ती. मला ती पटत नाही. दोन आठवड्यांत तीन बुकिंग होऊन जातात आणि कोणी काय केलं याची सरमिसळ होते. मी दुसऱ्या दिवशी दुपारी, खोल्या लावून झाल्या की लिहिते. त्याच दिवशी नाही, कारण त्या दिवशी राग असतो.

आता लिहायचं काय? मी एकच कसोटी लावते: हे वाचून मनालीच्या किंवा हंपीच्या अनोळखी होस्टला ठरवता आलं पाहिजे की या माणसाला घर द्यायचं की नाही. त्याला माझ्या मनस्तापाचा उपयोग नाही. "अत्यंत बेजबाबदार लोक" या शब्दांतून त्याला काहीच कळत नाही. त्या अकरा जणांबद्दल मी इंग्रजीत जे लिहिलं त्याचा मराठीत आशय असा: "सहा जणांचं बुकिंग होतं, अकरा जण आले. विचारल्यावर जादा माणसांचे पैसे लगेच आणि वाद न घालता दिले. रात्री दहानंतर बाहेर गाणी नकोत हा नियम दोनदा सांगावा लागला, तरी स्पीकर एक वाजेपर्यंत चालू होता, शेजाऱ्यांनी तक्रार केली. न्हाणीघर साफ करायला नेहमीपेक्षा दोन तास जास्त लागले. बोलायला सभ्य. आजूबाजूला वस्ती नसलेल्या, मोठ्या जागेसाठी ठीक. दाट शेजार असलेल्या घरासाठी नाही." यातलं एकही वाक्य मला कोणासमोर बदलावं लागणार नाही. पैसे लगेच दिले हेही त्यात आहे, कारण तेही घडलं होतं.

दहा वाजताचा नियम माझ्या मनाचा नाही हेही लिहिताना उपयोगी पडतं. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम देशभर लागू आहेत. त्यात रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा, आणि निवासी भागात रात्री 45 डेसिबलची मर्यादा. एअरबीएनबीनेही पार्ट्यांवर ऑगस्ट 2020 मध्ये घातलेली बंदी जून 2022 मध्ये कायमची केली. त्यामुळे "होस्टला तरुण मुलं आवडत नाहीत" हा सूर पाहुण्याने लावला तरी तो टिकत नाही. आकडा, वेळ आणि नियम, एवढं पुरेसं असतं. माणसं मोजायला आमच्या फाटकावर कॅमेरा आहे आणि तो आहे हे जाहिरातीत स्पष्ट लिहिलं आहे. घराच्या आत कॅमेरा लावायला एप्रिल 2024 च्या शेवटापासून पूर्ण मनाई आहे, आणि ते योग्यच आहे.

नुकसान झालं म्हणजे पाहुणा वाईट, असं मी धरत नाही. जानेवारीत पुण्याचं एक कुटुंब आलं होतं. त्यांच्या धाकट्याने बॉलपेनने भिंतीवर हात पुरेल तिथपर्यंत आगगाडी काढली, डब्यांसकट. मला कळायच्या आत आई ओला फडका घेऊन पुसत बसली होती, आणि डाग पसरला तेव्हा वडील स्वतः येऊन म्हणाले, "ताई, रंगाचा खर्च आम्ही देऊन जातो." मी त्यांच्या रिव्ह्यूत भिंतीचा विषय काढला, मुद्दाम काढला: लहान मुलाकडून छोटं नुकसान झालं, पालकांनी आपणहून सांगितलं आणि भरपाई दिली, यांना मी केव्हाही घर देईन. पुढच्या होस्टसाठी हे "छान कुटुंब" यापेक्षा कितीतरी उपयोगी आहे. मार्चमध्ये त्यांचा मेसेज आला की दुसरीकडे बुकिंग करताना तिथल्या होस्टने तोच रिव्ह्यू वाचून लगेच होकार दिला. मला मनापासून आनंद झाला.

उलट, चादरीला माशाच्या तेलाचे हात पुसून ती गादीखाली कोंबून ठेवणारा पाहुणा. चादर काही महाग नसते. लपवलं, हे मी लिहिते.

सगळ्यात जड गेला तो एक रिव्ह्यू सविस्तर सांगते. आमच्याकडे स्वयंपाकाला आणि घर सांभाळायला मावशी आहेत, गावातल्याच. त्यांच्या हातच्या सोलकढीसाठी आणि बोंबलासाठी लोक पुन्हा येतात. फेब्रुवारीत एक जोडपं आणि त्यांचे मित्र आले. खोल्या चकाचक ठेवल्या, माणसं ठरल्याएवढीच, आवाज नाही, पैसे वेळेवर. तिन्ही स्टारच्या रकान्यांत नाव ठेवायला जागा नव्हती. पण त्यातला एक गृहस्थ मावशींना "ए" अशी हाक मारायचा. रात्री साडेअकराला दार वाजवून आमलेट करायला लावलं. मीठ जास्त झालं म्हणून ताटली त्यांच्या दिशेने सरकवली, ती ओट्यावरून खाली पडली, आणि बाकीचे हसले. मी घरात नव्हते, आम्ही पनवेलला लग्नाला गेलो होतो. मावशींनी दोन दिवस काही सांगितलं नाही. नंतर भांडी मोजताना एक ताटली कमी भरली तेव्हा सांगितलं.

स्टारच्या रकान्यांमध्ये माणसांशी वागणुकीचं घर नाही. "कम्युनिकेशन" म्हणजे होस्टला वेळेत उत्तर दिलं का, एवढंच. बुकिंग करणारा गृहस्थ माझ्याशी मेसेजवर अतिशय गोड बोलत होता. मावशींना विचारल्याशिवाय लिहायचं नाही, हे मी ठरवलं होतं. अपमान त्यांचा होता. त्या म्हणाल्या, "माझं नाव नका घालू, पण लिहा. दुसरीकडेपण कुणी तरी असेलच ना जेवण करणारी." मी लिहिलं: "खोल्या स्वच्छ ठेवल्या, वेळा पाळल्या. मात्र ग्रुपमधल्या एकाने स्वयंपाक करणाऱ्या बाईंना एकेरीत हाका मारल्या, रात्री साडेअकराला झोपेतून उठवून काम सांगितलं, जेवण आवडलं नाही म्हणून ताटली ढकलली. कामाला माणसं असलेल्या घरांनी हे लक्षात घ्यावं. मी यांना पुन्हा घर देणार नाही." बुकिंग करणाऱ्या गृहस्थांनी खाली उत्तर दिलं की ही किरकोळ गोष्ट वाढवून सांगितली आहे. ते उत्तर तिथे आहे, माझा रिव्ह्यूही आहे. वाचणारा दोन्ही वाचेल. उत्तरात त्यांनी ताटलीची गोष्ट नाकारलेली नाही.

"आमच्यावर खटला केला तर?" असं मला आणखी दोन होस्टनी विचारलं. बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत 356 आहे. त्यातला पहिलाच अपवाद लोकहितासाठी केलेल्या खऱ्या विधानाचा आहे. म्हणून खरं असणं आणि ते दाखवता येणं, दोन्ही लागतं. फोटो तारखेसह, आणि सगळं बोलणं ॲपमध्येच. पाहुणे म्हणतात, "ताई, व्हॉट्सॲपवर बोलू." रस्ता विचारायला ठीक आहे, नियमांची गोष्ट मी ॲपवरच लिहून पाठवते. एकाने चेकआउट दुपारी चारपर्यंत वाढवून दिलं नाही तर तीन स्टार देईन असं लिहिलं होतं. रिव्ह्यूची धमकी देऊन काही मागणं हे नियमात बसत नाही, आणि ते ॲपवर लेखी होतं, म्हणून मी शांतपणे नाही म्हणू शकले. हाच नियम आपल्यालाही लागू आहे. भरपाई दिलीत तर चांगलं लिहीन, असं मी कधीही म्हणत नाही. भरपाईची मागणी चेकआउटपासून चौदा दिवसांच्या आत वेगळी करायची, ती मान्य होवो न होवो, रिव्ह्यूतली वाक्यं तीच राहतात.

काही गोष्टी मी लिहीतच नाही. कोण कोणाबरोबर आलं होतं, जात, धर्म, कोणाची तब्येत, कोण किती प्यायलं. यातून पुढच्या होस्टला घर सांभाळायला काही मदत होत नाही आणि माणसाचं खाजगी आयुष्य उघडं पडतं. थोडं उशिरा आले, गरम पाणी दोनदा मागितलं, लाइट गेल्यावर कुरकुर केली, हे पाहुण्याचे दोष नाहीतच. आमच्याकडे लाइट जाते. अशा बारीक सूचना करायच्या असतील तर त्या खाजगी चिठ्ठीत जातात.

बुकिंग कमी झालं का, हा प्रश्न सगळे विचारतात. आमचं नाही झालं. मात्र रिक्वेस्ट पाठवणारे आता नियम वाचून येतात असं जाणवतं, कारण मीही होकार देताना तेच नियम पुन्हा एकदा पाठवते आणि "वाचलं" असं उत्तर आल्यावरच पुढे जाते. रिव्ह्यूची मर्यादाही स्पष्ट दिसली: तो बुकिंग करणाऱ्याच्या नावावर पडतो. ताटली ढकलणारा गृहस्थ पुढच्या वेळी दुसऱ्या मित्राच्या नावावर कुठेही जाऊ शकतो. यावर माझ्याकडे उपाय नाही. बुकिंग डॉट कॉम या दुसऱ्या बुकिंग साइटवर तर होस्टला पाहुण्याबद्दल जाहीर लिहिता येत नाही, गैरवर्तनाची तक्रार फक्त त्यांच्याकडे नोंदवता येते.

आणि आमच्या भागात मोठा धंदा अजूनही फोनवर येतो. ओळखीतून, जुन्या पाहुण्यांच्या सांगण्यावरून. तिथे रिव्ह्यूच नाही. म्हणून एप्रिलमध्ये आमच्यातल्या काही होस्टनी व्हॉट्सॲपवर "त्रासदायक पाहुण्यांची यादी" करायची कल्पना काढली: नाव, फोन नंबर, गाडीचा नंबर, काय केलं. मी त्यात नाही म्हटलं. त्या यादीत ज्याचं नाव गेलं त्याला ते कळणार नाही, उत्तर देता येणार नाही, आणि कोणी रागाच्या भरात काही टाकलं तर खोडणारं कोणी नाही. लोकांचे नंबर असे फिरवणं मला मान्य नाही. फोनवरच्या बुकिंगला सध्या मी माणसांची यादी, ओळखपत्रं, निम्मे पैसे आगाऊ आणि नियमांचा मेसेज एवढं घेते. त्या मेसेजात या हंगामापासून एक ओळ वाढवली आहे: जेवण रात्री दहापर्यंत मिळेल, त्यानंतर मावशींना उठवू नये.